भोपळ्याची बाजू

मराठी भाषेने भोपळ्यावर फार अन्याय केला आहे. परीक्षेत शून्य मिळाले की भोपळा मिळाला. फलंदाज आल्या पावली परतला की त्याला भोपळाही फोडता आला नाही. कोणाचे डोळे उघडले की भ्रमाचा भोपळा फुटला. दोघांचे पटत नसेल तर त्यांचे विळ्या-भोपळ्याचे सख्य. आणि यात गंमत अशी की कापतो विळा, कापला जातो भोपळा, बदनामी मात्र दोघांची सारखी! लहानपणी म्हातारीला वाघा-कोल्ह्याच्या जंगलातून सुखरूप घरी आणणारा भोपळा आपण गोष्टीत ऐकलेला असतो. पण मोठे झाल्यावर त्या उपकाराची आठवण कोण ठेवतो?

प्रस्तुत लेखकाला पहिल्या वर्षी अर्थशास्त्राच्या एका चाचणीत हे फळ मिळालेले असल्यामुळे त्याच्याशी एक प्रकारचा जिव्हाळा आहे, हे आधीच कबूल करतो. म्हणजे पुढचे लिखाण निःपक्षपाती नाही, असा आरोप नंतर कोणी करू नये.

विषय निघण्याचे कारण घडले ते गेल्या ऑक्टोबरात. आपल्यातल्याच काही उत्साही मित्रमैत्रिणींनी ३१ तारखेला हॅलोविन साजरा करायचे ठरवले. मुंबईहून प्लॅस्टिकचे नारिंगी भोपळे आणले. त्यांना दात, डोळे आणि आत सेलवर पेटणारा दिवा. एका मैत्रिणीने मला विचारले, "कसे दिसतात?" मी म्हटले, "छान. पण आश्विन-कार्तिकात रायगड जिल्ह्यात बसून भोपळा प्लॅस्टिकचा आणायचा, म्हणजे आंब्याच्या दिवसांत अलिबागला आंब्याचा फोटो न्यायचा!" त्यावर ठरल्याप्रमाणे हशा झाला, आणि ठरल्याप्रमाणेच अंगावर काम आले: "मग तू आण खरा भोपळा."

आणायचे कबूल केले. परंतु हा लेख हॅलोविनच्या विरोधात आहे असे कृपया समजू नये. सण परका आहे एवढ्यावर त्याला नावे ठेवायची, तर पंचाईत अशी की भोपळाही परकाच आहे. आपला दुध्या इथला जुना रहिवासी. पण ज्याला आपण लाल भोपळा म्हणतो त्याचे मूळ अमेरिका खंडातले. मेक्सिकोतल्या ओआहाका भागातील एका गुहेत भोपळवर्गीय फळाच्या बिया सापडल्या, त्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या ठरल्या आहेत. मिरची, बटाटा, काजू, पेरू यांच्याप्रमाणे हा पाहुणा युरोपीय गलबते इकडे येऊ लागल्यानंतर आला, आणि दुध्याचेच आडनाव लावून घरचा झाला. आमची कुंडलिका रोह्यावरून वाहत जाऊन रेवदंड्याला समुद्राला मिळते. तिथे चौल-रेवदंड्याला पोर्तुगीज १५२१ पासून १७४० पर्यंत ठाण मांडून होते. एखादी बी त्यांच्या गलबतातून उतरून खाडीने वर रोह्यापर्यंत आली असेल का? पुरावा माझ्याजवळ नाही, पण रोह्याच्या पुलावर उभे राहिले की ही कल्पना करायला मला आवडते.

हॅलोविनचा भोपळाही तसाच. आयर्लंडमधले लोक पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. ते अमेरिकेत गेले तेव्हा त्यांना तिथे सलगमापेक्षा मोठा, कोरायला सोपा भोपळा मिळाला. म्हणजे त्यांनी तरी काय केले? जिथे गेले तिथल्या शेतात जे पिकत होते ते उचलले आणि आपल्या सणाला लावले. आपण मात्र त्यांचा सण उचलतो आणि फळ कारखान्यातून आणतो. माझे म्हणणे एवढेच आहे. नक्कल करायचीच तर पुरी करावी.

आता थोडे घरचे सांगतो. आमचे घर पेण आणि रोह्याच्या मधल्या एका लहानशा गावात आहे. जुने घर कौलारू होते आणि मागे गुरांचा गोठा. मृगाचा पाऊस पडला की आजी गोठ्यामागच्या उकिरड्यापाशी भोपळ्याच्या तीन बिया टोचायची. तीनच का, हे तिने कधी सांगितले नाही. श्रावणात वेल गोठ्याच्या छपरावर चढलेला असे, आणि भाद्रपदात कौलांवर हिरव्या पानांत हंड्यांसारखे भोपळे बसलेले दिसत. नांगर नाही, बैल नाही, खत विकत नाही. म्हणूनच ऋषिपंचमीला, बैलाच्या कष्टाचे खायचे नाही या दिवशी, आमच्याकडे त्या भाजीत अळू, पडवळ, काकडी, शिराळे यांच्याबरोबर भोपळ्याला मानाचे स्थान असे. ऋषींना जे चालत होते ते आमच्या कॅन्टीनला का चालू नये, हा प्रश्न पुढे घेतो.

आजी शाळेत गेलेली नव्हती, पण वेलाचे नर फूल कोणते आणि मादी कोणते हे तिला दुरून कळे. नर फूल लांब देठावर असते. मादी फुलाच्या बुडाशी सुपारीएवढे फळ आधीच बसलेले असते. भजीसाठी ती नर फुले तोडायची, पण सगळी नाही. "थोडी ठेव, माश्यांना पण लागतात," म्हणायची. ही फुले पहाटे उमलतात आणि उन्हे चढेपर्यंत मिटू लागतात. तेवढ्या दोन-चार तासांत मधमाश्यांनी आपले काम उरकले नाही तर फळ धरत नाही. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात मी हे नंतर वाचले. आजीचा धडा बिनपुस्तकी, आणि वर भजी.

आणि मग स्वयंपाक! भोपळा बेचव आहे असे म्हणणाऱ्याने कोकणातले घारगे खाल्लेले नसतात. भोपळा किसायचा, गुळात शिजवायचा, गार झाला की त्यात मावेल तेवढे तांदळाचे पीठ घालायचे. पाण्याचा थेंब नाही, भोपळ्याच्याच अंगच्या पाण्यात पीठ मळायचे. चिमूटभर मीठ, थोडी वेलची, केळीच्या पानावर थापायचे आणि तळायचे. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या डब्यात ते चार दिवस टिकतात. शिजवलेला भोपळा कुस्करून दही घालून, वर हिंग-मोहरी-मिरचीची फोडणी दिली की भरीत. मेथीदाण्यांच्या फोडणीवर ओले खोबरे घातलेली भाजी. साली टाकायच्या नाहीत, तीळ घालून त्यांची चटणी. कोवळ्या पानांचीही भाजी होते. विदर्भातल्या एका मैत्रिणीकडून कळले की त्यांच्याकडे लाल भोपळ्यालाच कोहळे म्हणतात आणि त्याची गोड बोंडे करतात. आणखी कुठे त्याला काशीफळ म्हणतात, कुठे डांगर. आमच्याकडे डांगर म्हटले तर उडदाच्या पिठाचे पानात पडेल. एकाच महाराष्ट्रात भाजी मागताना इतकी सावधगिरी बाळगावी लागते! जीवनसत्त्व 'अ' वगैरे त्यात आहेच, पण त्या कारणाने आजपर्यंत कोणी घारगा उचललेला मी पाहिलेला नाही.

या भोपळ्यात एक अडचण मात्र खरी आहे. तो मोठा असतो. देठासकट काढून माळ्यावर ठेवला तर अख्खा भोपळा महिनोन्महिने टिकतो, होळीपर्यंत पुरतो. पण एकदा सुरी लागली की दोन-तीन दिवसांत संपवावा लागतो. आठ-दहा किलोचा भोपळा एका घराने दोन दिवसांत कसा संपवावा? संपवत नसतच. भोपळा फोडला की फाका करून आळीत वाटायच्या. आज आमचा, पंधरा दिवसांनी शेजारच्यांचा. वर्षभर एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन बायकाही भोपळ्याची फाक परत पाठवीत नसत, कारण आपला भोपळा फुटेल तेव्हा आपल्यालाही कोणाच्या तरी दारात जायचे असते. एकट्याने खाण्याची ही भाजीच नव्हे.

फोडण्याचीही एक रीत होती आणि ती मला कधीच पटली नाही. अख्ख्या भोपळ्यावर पहिला घाव बाईने घालायचा नाही. पुरुषाने घालायचा, मग पुढे बाईने चिरायचे. भोपळा म्हणजे बळीच्या जागी, घरचा थोरला मुलगा, असे काहीसे त्यामागे सांगतात. आजोबा गेल्यानंतर आणि वडील कामावर असताना आजी भोपळा पुढ्यात घेऊन बसून राही, रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या शाळकरी पोराला हाक मारी आणि त्याच्या हाताला धरून विळीवर पहिला काप घेई. वेल लावणारी ती, छपरावर चढून फळ उतरवणारी ती, आणि हक्काचा पहिला घाव सात वर्षांच्या पोराचा! कोल्हापूरला आश्विनात ललितापंचमीच्या दिवशी त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोहळा फोडण्याचा मोठा सोहळा होतो. तिथे तो कोहळा फोडते कुमारिका. देवीच्या दारात मुलीच्या हातून चालते ते आमच्या ओट्यावर का चालत नाही, हे मला आजीला विचारायचे होते. राहून गेले.

आजी जाऊन आता तिसरे वर्ष. ती गेल्यावर पुढच्याच उन्हाळ्यात आम्ही जुने घर पाडून स्लॅबचे बांधले. त्यात चूक काही नाही. गळणाऱ्या कौलांखाली ज्याने पावसाळे काढले आहेत तो कौलांचे गोडवे गात नाही. पण चुलीच्या वर, धुरात, एका फडक्याच्या पुरचुंडीत राख चोळलेल्या बिया टांगलेल्या असत. भोपळा, काकडी, पडवळ, घोसाळे. घर पाडताना ती पुरचुंडी कोणी काढली, कुठे ठेवली, कोणालाच माहीत नाही. बहुधा मातीबरोबर ट्रॉलीत गेली. त्या पावसाळ्यात वडिलांनी दुकानातून पाकीट आणून लावले. भोपळे धरले, दिसायला गोल आणि गुळगुळीत, पण पाणचट. घारग्यांना पीठ दुप्पट लागले. पुढच्या वर्षी त्याच भोपळ्यांचे बी लावले तर एक फळ एका तऱ्हेचे, दुसरे दुसऱ्या. संकरित बियाणे असेच वागते. ते दर वर्षी विकत घ्यायचे असते. आणि शेजारी असा वेल असला की मधमाशी दोन्हीकडे फिरते, तेव्हा गावठी बीसुद्धा निर्भेळ राहत नाही. म्हणजे गावात चार घरांनी सोडले की पाचव्याचेही जाते.

असो. तर खरा भोपळा आणायचे मी कबूल केले होते. दिवा-रोहा गाडीने आम्ही बरेच जण ये-जा करतो. त्या गाडीत पावसाळाभर आणि पुढे थंडीपर्यंत टोपल्या घेतलेल्या बायका असतात: आधी शेवळे, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी, मग काकड्या, मग भोपळे. त्यांतल्या एका बाईंजवळ एकच अख्खा भोपळा उरलेला दिसला. चपटा, खोल खाचांचा, सालीवर राखेसारखी झाक. मी पाहतच राहिलो, कारण आमच्या गोठ्यावर बसायचा तो असाच.

"मावशी, हा केवढ्याला?"

"आख्खा घेतोस? फाक नको?"

"आख्खाच."

"आख्खा कोन घेतंय आता," त्या म्हणाल्या. "चार मान्सांचं घर, फाकच मागतात. आनि फाकेत बी नसली तर बरं म्हन्तात, वजनात जाती म्हनून."

मी विचारले, नुसत्या बिया वेगळ्या विकत द्याल का? त्या हसल्या. "बी कवा इकतात काय? खा, आनि ठेव."

भोपळा घरी आणला. वडील धाटावच्या एका कारखान्यात रात्रपाळीला गेलेले. आईने विळी काढली, भोपळा समोर घेतला आणि माझ्याकडे पाहिले, म्हणजे पहिला घाव तू घाल. मी तिला कोल्हापूरच्या कुमारिकेची गोष्ट सांगितली. "ती देवाची," आई म्हणाली, "मी काय देवाची आहे?" मी हात मागे घेऊन उभा राहिलो. थोडा वेळ गेला. मग तिने माझ्याकडे न पाहता भोपळ्याला नमस्कार केला आणि विळीवर टेकवला. आतला रंग शेंदरी होता, आणि गर इतका घट्ट की विळी करकरली.

तो भोपळा मी हॅलोविनला नेला नाही. त्याला दात कोरण्याची माझी हिंमत झाली नाही. आईने केलेले घारगे नेले, दोन डबे. प्लॅस्टिकच्या भोपळ्यांच्या उजेडात ते दहा मिनिटांत संपले, आणि भुताचा मुखवटा घातलेल्या एका मित्राने मुखवटा वर करून विचारले, "हे कशाचे आहेत रे?" पेण तालुक्यातला मुलगा!

याला त्या मित्राचा दोष मी देत नाही. त्याच्या घरी भोपळा येत नाही, कारण भोपळा ही गरिबाची, पितृपक्षातली, आजाऱ्याची भाजी असे त्याच्या घरच्यांना वाटते. आपण ज्याला हसतो ते आपण विकत घेत नाही, जे कोणी घेत नाही ते कोणी लावत नाही, आणि जे लावत नाही त्याचे बी दोन-तीन वर्षांत उगवेनासे होते. शिवाय जागेचाही प्रश्न आहे. वेलाला उकिरडा लागतो, कुंपण लागते, मोकळे छप्पर लागते. पेण तालुक्यात जमिनीचे मोल काय आहे ते आपल्याला कोणी सांगायला नको. प्रस्तावित विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर २१ सप्टेंबर २००८ रोजी याच तालुक्यातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले आणि त्यांनी जमीन देण्याविरुद्ध प्रचंड कौल दिला. आमच्यापैकी अनेकांचे आई-वडील त्या दिवशी रांगेत उभे होते. त्यांनी राखलेल्या जमिनीवर पुढे काय लागते आहे, हे पाहण्याची जबाबदारी त्यांच्या मुलांची नाही काय? जमीन राखणे कठीण होते, ते त्यांनी केले. भोपळा राखणे त्या मानाने किती सोपे!

सजावटीचे म्हणाल, तर त्यासाठीही परदेशात जायला नको. गोव्यात गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला त्या ऋतूत रानात आणि परसात जे जे येते ते सारे टांगायचे: नारळ, सुपारीचे घड, काकड्या, भोपळे, रानफळे. तिथल्या सरकारचे कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धाही घेते. सिंधुदुर्गातही अशी चौकट बांधतात. आमच्या पेणेतून गणपती देशोदेशी जातात, हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतून वर्षभर मूर्ती घडतात. पण त्या मूर्तीमागे आपण इतकी वर्षे लावत आलो ते थर्माकोल. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिक-थर्माकोलवर बंदी आली तेव्हा अनेकांना वाटले, आता मखर कशाचे करायचे? वास्तविक गौरीचा तेरडा आपण रानातूनच आणतो. त्याच्या शेजारी दोन भोपळे ठेवायला काय हरकत आहे?

गेल्या भाद्रपदात मी घरी हा प्रयोग केला. पेणच्या एस. टी. स्टँडबाहेर बसणाऱ्या बायकांकडून लहान भोपळे, पडवळे आणि तवशी आणली आणि बांबूच्या चौकटीला टांगली. पहिल्या दिवशी आलेले काका म्हणाले, "गणपती आणलास की भाजी मंडई?" दुसऱ्या दिवशी एक पडवळ आरतीच्या वेळी सुटून निरांजनाच्या तबकात पडले. प्रयोगात त्रुटी होत्या हे मान्य. पण विसर्जनानंतर आमच्या मखरातले काहीही कचऱ्यात गेले नाही. सगळे पातेल्यात गेले, आणि मंडई म्हणणारे काका भरीत दोनदा मागून जेवले.

म्हणून माझी मागणी अगदी लहान आहे. आपल्या कॅन्टीनमध्ये वडापाव, समोसा बारा महिने आहे, तो असू द्या. पण आश्विन-कार्तिकात आठवड्यातून एक दिवस घारगे ठेवावेत, आणि त्यासाठीचा भोपळा गाडीतल्या किंवा स्टँडवरच्या बायकांकडून अख्खा घ्यावा. अख्ख्यावर माझा जोर आहे, कारण फाका मागणाऱ्यांमुळे त्यांचा अर्धा माल चिरून सुकतो. हॅलोविन पुन्हा करायचा असेल तर जरूर करू, मी स्वतः कोरायला बसतो. मात्र आतला गर कॅन्टीनमध्ये जाईल आणि बिया माझ्याकडे येतील, या अटीवर. मराठी विभागाच्या सरांना विनंती की भोपळ्यावरच्या म्हणी आणि वाक्प्रचार एकदा मुलांकडून आपापल्या गावातून गोळा करून घ्यावेत. एखादी तरी त्याच्या बाजूने बोलणारी निघेल.

त्या भोपळ्यातून भरलेल्या, टपोऱ्या बिया निघाल्या त्या मोजल्या, एकशे चाळीस भरल्या. आईने धुऊन, राख चोळून, सावलीत वाळवल्या. चूल आता नाही, म्हणून बरणीत आहेत. काही आम्हाला लागतील, काही त्या मावशी पुन्हा भेटल्या तर त्यांना द्यायच्या आहेत. उरलेल्या मी काड्यापेट्यांत भरून ठेवल्या आहेत, एकेका पेटीत तीन. ज्यांच्या घरी उकिरडा, कुंपण किंवा नुसते छप्पर असेल त्यांनी मे महिन्याच्या आत मला गाठावे. मृग ७ जूनच्या सुमारास लागते.